वाचकांचे प्रश्न : ईमेलच्या यादीतली खोगीरभरती

या महिन्यात ईमेलवरून धंदा किंवा संस्था चालवणाऱ्यांची पत्रं जास्त आली. त्यातली सहा निवडली आहेत. नावं पत्रलेखकांच्या सांगण्यावरून गाळली आहेत.

प्रश्न : आमची देवगडला हापूसची बाग आहे. प्रदर्शनांतल्या नोंदवह्या, जुनी बिलं, वेबसाइटवरचा फॉर्म असं सगळं मिळून ११ वर्षांत १८,४०० ईमेल पत्ते जमले. दर मार्चअखेर सगळ्यांना एकदम दरपत्रक जातं. पूर्वी चार दिवसांत पहिल्या तोडणीच्या पेट्या संपायच्या. यंदा नेहमीच्या गिऱ्हाइकांचेच फोन आले की मेल का नाही आला? शोधल्यावर तो त्यांच्या स्पॅममध्ये सापडला. यादी तर दर वर्षी वाढतेच आहे. मग असं का व्हावं?
– बागायतदार, देवगड

उत्तर : यादी वाढली म्हणूनच.

पत्र इनबॉक्समध्ये टाकायचं की स्पॅममध्ये, हे ठरवताना जीमेल त्या एका गिऱ्हाइकाचं तुमच्याशी काय नातं आहे ते बघतं, पण तुमच्या डोमेनची, म्हणजे ईमेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाची, पतही बघतं. या डोमेनवरून आधी आलेल्या पत्रांचं लोकांनी काय केलं? उघडली, उत्तर दिलं, की न वाचताच डिलीट केली? किती जणांनी स्पॅमचं बटण दाबलं, किती पत्ते अस्तित्वातच नव्हते? ही पत सगळ्या यादीची मिळून एकच असते. पतपेढीत थकबाकीदार वाढले की वेळेवर हप्ता भरणाऱ्यालाही कर्ज मिळेनासं होतं, तसलाच प्रकार. प्रदर्शनात फुकट फोड चाखून वहीत पत्ता लिहिणाऱ्यांनी तुमच्या कोथरूडच्या जुन्या गिऱ्हाइकाचं पत्र अडवलं आहे.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी हे नियमातच घातलं. तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याला पोचता कामा नये, आणि शक्यतो ०.१ च्या खाली असावं. म्हणजे तुमचं पत्र ३,००० जणांच्या इनबॉक्समध्ये पडलं आणि त्यातल्या फक्त ९ जणांनी वैतागून 'स्पॅम' दाबलं, तरी रेषा गाठली. नऊ माणसं! हा आकडा गूगलच्या 'पोस्टमास्टर टूल्स'वर फुकट बघता येतो, पण त्यात एक मेख आहे. जी पत्रं मुळातच स्पॅममध्ये पडली ती या हिशेबात धरली जात नाहीत. त्यामुळे तिथे ०.०५ दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. बहुतेक पत्रं आधीच खड्ड्यात गेली असतील तर तक्रार करायला उरतंच कोण?

तुमच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी आड आल्या असणार. पहिली म्हणजे वर्षभराचं मौन. अकरा महिने गप्प बसलेल्या डोमेनवरून एका सकाळी १८ हजार पत्रं निघाली, तर ते चोरीला गेलेल्या खात्यासारखंच दिसतं. दुसरी, एका दिवसात खासगी जीमेल खात्यांवर ५,००० च्या आसपास पत्रं गेली की गूगल तुम्हाला घाऊक पाठवणारा ठरवतं आणि हा शिक्का कायमचा असतो, पुढच्या वर्षी ५०० च पाठवली तरी. तिसरी म्हणजे नोंदवही. गर्दीत, उभ्याउभ्या, दुसऱ्याच्या पेनानं लिहिलेले पत्ते नंतर कुणीतरी टाइप केलेले असतात. 'जीमेल'चं 'जीमिअल' झालं की पत्र परत येतं किंवा त्याहून वाईट, स्पॅम पकडण्यासाठी मुद्दाम ठेवलेल्या सापळ्याच्या पत्त्यावर पडतं.

दुरुस्तीचं काम मोहोर येण्याआधी, ऑक्टोबरातच हाती घ्या.

आधी संपूर्ण यादीची एक प्रत उतरवून ठेवा. त्यात प्रत्येक पत्त्यापुढे चार रकाने हवेत : कुठून आला, कधी आला, शेवटचं क्लिक कधी, शेवटची पेटी कधी घेतली. जे पत्ते ५५० क्रमांकाच्या त्रुटीनं, 'असा वापरकर्ता नाही' म्हणून परत आले, ते तिथल्या तिथे बाद. ४५२ म्हणजे त्या माणसाची मेलपेटी भरलेली. तीनदा तसं झालं तर तेही बाद. चुकीच्या स्पेलिंगचे पत्ते अंदाजानं सुधारू नका. बिलावर फोन नंबर असेल तर विचारून घ्या, नाहीतर सोडून द्या.

उरलेल्यांचे ढीग करा. गेल्या दोन हंगामांत आंबा घेतलेले, हा पहिला. न घेता पण गेल्या वर्षभरात क्लिक किंवा उत्तर केलेले, हा दुसरा. दोन वर्षांत यादीत आलेले पण काहीच न केलेले, हा तिसरा. त्याहून जुने आणि गप्प असलेले, हा चौथा. बहुधा सर्वांत मोठा ढीग हाच निघेल आणि त्याला एकही पत्र पाठवायचं नाही, 'अजून हवं आहे का' असं विचारायलासुद्धा नाही. दोन वर्षं न वापरलेली खासगी खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून बंद करत आलं आहे. काही मेलसेवा तर असे मेलेले पत्ते पुढे सापळा म्हणून जिवंत करतात.

तिसऱ्या ढिगाला रोज ५०० च्या बेतानं एक साधं पत्र पाठवा. फोटो नको, सवलत नको. 'तुम्ही अमुक प्रदर्शनात नाव नोंदवलं होतं. आंब्याची पत्रं हवी असतील तर या बटणावर क्लिक करा' एवढंच. दहा दिवसांनी पुन्हा एकदा. तरी गप्प राहिले की थांबायचं. पहिल्याच ५०० मध्ये १० पेक्षा जास्त पत्रं परत आली, तर हा ढीगही चौथ्यासारखाच समजा.

बाद केलेले पत्ते यादीतून पुसू मात्र नका, 'पाठवू नये' या खान्यात ठेवा. पुसले तर पुढच्या वर्षी कुणीतरी जुनी एक्सेल फाइल चढवतं आणि नको म्हणालेला माणूस पुन्हा यादीत येतो. सगळ्यात कडवट तक्रारी अशांच्याच असतात.

मग हंगाम. डिसेंबरात मोहोराचं पत्र, फेब्रुवारीत फळ कितपत धरलं याचं, आणि मार्चमध्ये दर. दरपत्रक एका दिवसात सोडायचं नाही. पहिल्या दिवशी गेल्या वर्षी घेतलेल्यांपैकी ३००, दुसऱ्या दिवशी ६००, मग १,२०० असं वाढवत न्या. फेब्रुवारीच्या पत्रात शेवटी एक खरा प्रश्न ठेवा : 'यंदा किती डझन लागतील? याच पत्राला उत्तर द्या.' आलेल्या उत्तरांतून आगाऊ मागणी कळते, आणि ज्याला आपण उत्तर लिहिलं त्याचं पुढचं पत्र सहसा स्पॅममध्ये जात नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्टमध्ये ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच निरोप पोचतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ईमेलमध्ये असा उघड नियम लिहिलेला नाही, पण कारभार हळूहळू त्याच दिशेनं चालला आहे.

प्रश्न : मी मोडी लिपीचे ऑनलाइन वर्ग घेते. माझ्या यादीत ६,००० जण आहेत आणि ओपन रेट, म्हणजे पत्र उघडणाऱ्यांचं प्रमाण, ४८ टक्के दिसतो. तरी नव्या तुकडीला सातच नावं आली. माझ्या मैत्रिणीची यादी फक्त ९०० ची, ओपन रेट ४० टक्के, पण तिची तुकडी भरते. माझे वाचक नुसतेच वाचतात का?
– शिक्षिका, पुणे

उत्तर : बरेचसे वाचतही नाहीत. 'उघडलं' ही नोंद कशी होते ते आधी बघा. पत्रात एक न दिसणारं ठिपक्याएवढं चित्र असतं. ते उतरवलं गेलं की पत्र उघडलं असं धरतात. सप्टेंबर २०२१ मध्ये आयफोनच्या आयओएस १५ बरोबर अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये गोपनीयतेची सोय आली. ती चालू असेल तर अ‍ॅपलचे सर्व्हर सगळी चित्रं आधीच उतरवून ठेवतात, माणसानं पत्राकडे ढुंकून पाहिलं नाही तरीही. तुमच्या यादीत आयफोनवाले जितके जास्त, तितका आकडा फुगलेला. उलट चित्रं बंद ठेवून वाचणारा माणूस शब्द न् शब्द वाचतो आणि हिशेबात मात्र 'न उघडलेला' राहतो.

म्हणून ओपन रेट दोन याद्यांची तुलना करायला वापरू नका. एकाच यादीत या महिन्यात अचानक निम्मा झाला तर काहीतरी बिघडलं, एवढं कळायला तो पुरे आहे. खरा हिशेब क्लिकचा, उत्तरांचा आणि फी भरणाऱ्यांचा. क्लिकही तपासून घ्यावे लागतात. बँका आणि मोठ्या कंपन्यांच्या मेलव्यवस्थेत सुरक्षेसाठी प्रत्येक लिंक यंत्रच उघडून बघतं. एकाच व्यक्तीनं पत्रातल्या सगळ्या लिंक एकाच सेकंदात दाबलेल्या दिसल्या की ते यंत्र समजा आणि वजा करा.

तुमच्या ६,००० मधले किती जण एखाद्या मोफत पीडीएफसाठी आले होते, ते शोधा. आमचा अंदाज, अर्ध्याहून जास्त. फुकट बाराखडीसाठी आलेला माणूस बाराखडी घेऊन जातो, त्यात त्याचा काही दोष नाही. त्यांना नावनोंदणीचं पत्र पाठवण्याआधी एक छोटं काम द्या : जुन्या खरेदीखतातल्या दोन ओळी, देवनागरीत लिहून परत पाठवा. शंभर जणांनी पाठवल्या तर तुमची पुढची तुकडी त्या शंभरांतली आहे. नावनोंदणी आधी त्यांनाच उघडा, दोन दिवसांनी बाकीच्यांना.

प्रश्न : एका गृहस्थांनी 'महाराष्ट्रातील पर्यटनप्रेमींचे' एक लाख ईमेल पत्ते थोडक्या पैशांत देऊ केले आहेत. आमच्या होम-स्टेसाठी घ्यावेत का?
– मालवण

उत्तर : नाही.

त्या लाखातल्या कुणीही तुम्हाला पत्ता दिलेला नाही, आणि तोच माल त्या गृहस्थांनी आणखी कितीजणांना विकला असेल कोण जाणे. अशा याद्यांमध्ये सापळ्याचे पत्ते हमखास असतात. त्यावर एक जरी पत्र गेलं तरी स्पॅमहाउससारख्या काळ्या यादीत नाव जाऊ शकतं, आणि मग तुमच्या पाहुण्यांना जाणारी साधी बुकिंगची पोचपावतीही अडकते. अ‍ॅमेझॉनच्या एसईएस या मेलसेवेवर परत येणाऱ्या पत्रांचं प्रमाण ५ टक्क्यांवर गेलं की खातं तपासणीत जातं, १० वर पाठवणं थांबवलं जाऊ शकतं. विकत घेतलेली यादी १० टक्के बहुधा पहिल्याच खेपेत ओलांडते. कायदाही तुमच्या बाजूला नाही : २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणानं, नेमक्या कामासाठी दिलेली असावी लागते, आणि देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणं सोपं असावं लागतं. एक्सेल फाइलबरोबर संमती विकत मिळत नाही.

न मागितलेल्या घाऊक पत्राची पहिली नोंद मे १९७८ ची आहे. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना संगणकविक्रीचं पत्र गेलं होतं, आणि लोक तेव्हाही चिडलेच होते.

प्रश्न : आमचा दिवाळी अंक आहे. यादी ४०,००० ची. हिशेब काढला तर जेमतेम ९,००० जण काही हालचाल करतात. बाकीचे काढावेत असं मी म्हणतो. पण जाहिरातदारांच्या पत्रकात '४० हजार वाचक' छापलेलं आहे, त्यामुळे संपादक मंडळ ऐकत नाही. शिवाय ज्येष्ठ वाचक क्लिक करत नाहीत, बुकस्टॉलवर जाऊन अंक घेतात, असंही त्यांचं म्हणणं आहे.
– व्यवस्थापक, नाशिक

उत्तर : मंडळाचा दुसरा मुद्दा बरोबर आहे, आधी तोच घेऊ. 'सहा महिने गप्प असेल तर काढा' हा ठोकताळा आठवड्याला पत्र पाठवणाऱ्यांचा. त्यांची तोवर २६ पत्रं गेलेली असतात. तुमची वर्षाला तीन : पूर्वनोंदणी, प्रकाशन, आणि अंक शिल्लक असल्याचं. सहा महिन्यांत एखादंच गेलं असेल. त्यामुळे दोन दिवाळ्या, म्हणजे सहा पत्रं, ही मुदत धरा. आणि काढण्याआधी ती ३१,००० नावं वर्गणीदारांच्या वहीशी, मनीऑर्डर आणि यूपीआयच्या नोंदींशी, विक्रेत्यांकडून आलेल्या कुपनांशी ताडून बघा. पैसे भरणारा माणूस क्लिक करत नसला तरी जागा आहे. त्याला ठेवा.

आता जाहिरातदार. चाळीस हजारांना पत्र जातं हे खरं, चाळीस हजार वाचक आहेत हे खरं नाही, आणि आजकाल जाहिरातदार स्वतःच्या वेबसाइटवर तुमच्याकडून किती माणसं आली ते मोजतो. एका वर्षात त्याला कळतंच. त्यापेक्षा पत्रकात असं छापा : '९,००० कार्यरत वाचक, त्यांतले इतके गेल्या वर्षी पूर्वनोंदणी केलेले.' सराफ, प्रकाशक, सहल कंपन्या यांना दिवाळीच्या तोंडावर पैसे खर्च करणारी माणसं हवी असतात, आणि पूर्वनोंदणी हाच त्याचा पुरावा. जाहिरातीच्या पत्रात त्या दुकानाचा वेगळा सवलतीचा कोड द्या, म्हणजे किती जण तुमच्याकडून आले यावर वाद उरत नाही.

मंडळाला वादात जिंकता येणार नाही, प्रयोगात येईल. या सप्टेंबरात पूर्वनोंदणीचं पत्र आधी फक्त त्या ९,००० ना आणि ताडून ठेवलेल्यांना पाठवा. पाच दिवसांत आलेल्या नोंदण्या मोजा. मग उरलेल्यांपैकी ३,००० जणांना पाठवा आणि त्यातून किती नोंदण्या, किती परत, किती तक्रारी आल्या ते त्याच कागदावर लिहा. मेलसेवेचं बिलही शेजारी ठेवा, कारण बहुतेक सेवा माणशी पैसे लावतात, काही तर नाव काढून घेतलेल्यांचेही. ४० हजारांच्या टप्प्याचं भाडं भरून ३१ हजार रिकाम्या खुर्च्या ठेवणं परवडतं का, हे खजिनदारच विचारतील.

प्रश्न : आमचं कॅनडातलं महाराष्ट्र मंडळ. गणपती, नाटकं, दिवाळी, सगळ्याचे मेल एकाच यादीवर जातात. बरेच सभासद कंटाळून अनसबस्क्राइब करतात आणि मग वार्षिक सभेची सूचनाही त्यांना मिळत नाही.
– कार्यवाह

उत्तर : दोन याद्या करा. सभासदत्वाचं कामकाज, म्हणजे सभेची सूचना, निवडणूक, घटनादुरुस्ती, यांची एक. त्यात एक ओळसुद्धा तिकीटविक्रीची नको. कार्यक्रमांची दुसरी, आणि तिच्या आत 'नाटक', 'मुलांची शाळा', 'सण' अशा निवडीच्या चौकटी. माणसाला नाटक नको असतं, मंडळ नको नसतं. तिकीटविक्रीची पत्रं तुमच्याकडच्या २०१४ पासून लागू असलेल्या स्पॅमविरोधी कायद्याखाली येतात : पाठवणारा कोण ते स्पष्ट, टपालाचा पत्ता, आणि नाव काढण्याची विनंती १० कामकाजाच्या दिवसांत पूर्ण. सभासदत्व संपलेल्याची गृहीत संमती दोन वर्षं टिकते, म्हणून यादीत सभासदत्व संपल्याच्या तारखेचा रकाना ठेवा. एका घरातून एकच पत्ता असतो आणि तो बहुतेक यजमानांच्या ऑफिसचा किंवा जुन्या याहूचा. नूतनीकरणाच्या फॉर्मवर दोन्ही जोडीदारांचे पत्ते मागा. नाटकाची तिकिटं घरात कोण काढतं ते लगेच कळेल.

प्रश्न : आम्ही दर पंधरवड्याला पाच कविता आणि एक दीर्घकथा ईमेलनं पाठवतो. दर वेळी १५-२० जण नाव काढून घेतात, वाईट वाटतं. ती लिंक अगदी खाली, बारीक अक्षरांत ठेवली तर?
– साहित्यप्रेमी गट, सांगली

उत्तर : लिंक सापडली नाही की माणूस वर दिसणारं स्पॅमचं बटण दाबतो. नाव काढून घेणाऱ्यानं तुमचं काहीच बिघडवलेलं नसतं, बटण दाबणाऱ्यानं पत बिघडवलेली असते. घाऊक पाठवणाऱ्यांना २०२४ पासून एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय द्यावीच लागते. मेलसेवेत ती चालू केली की जीमेल पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीच ती लिंक दाखवतं, आणि विनंती दोन दिवसांत अमलात यावी लागते.

पण तुमच्या बाबतीत दुसरीच शंका येते. जीमेल १०२ केबीपेक्षा मोठं पत्र मध्येच कापतं आणि पुढे 'संपूर्ण संदेश बघा' असं लिहितं. तळाची लिंक त्या कापलेल्या भागात जाते. इंग्रजीचं अक्षर एका बाइटमध्ये मावतं, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना-मात्रा-हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'क्षितिज' या एका शब्दात सात चिन्हं आहेत, म्हणजे २१ बाइट. तुमच्या साच्याचा कोड ४०-५० केबी खात असेल तर मजकुराला जेमतेम १७ ते २० हजार चिन्हं उरतात, आणि दीर्घकथा त्यात बसत नाही. कथेचे पहिले दोन परिच्छेद पत्रात ठेवा, पुढचं वेबसाइटवर वाचायला द्या. कोण पुढे वाचायला आलं तेही त्यातून कळेल. वर्डमधून थेट चिकटवू नका, त्याचा अदृश्य कोडच कथेहून मोठा असतो. आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर वाचकाला कवितेऐवजी रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. त्या १५-२० मधल्या काहींनी कदाचित तेवढ्यासाठीच नाव काढलं असेल.